वन्संची सहा पिंपं

९ फेब्रुवारी

वही नवी आहे आणि आज पिंपंही आली, म्हणून पहिल्यापासून नीट लिहिते.

ट्रकमधून सहा पिंपं उतरवली, एकही आपटलं नाही. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, सासूलासुद्धा मी इतकं जपून उतरवत नाही." ओकच्या लाकडाची आहेत. प्रत्येकात सव्वादोनशे लिटर मावेल. चार वर्षं लाल वाइन मुरवून आतलं लाकूड जांभळं पडलंय.

पाठवली वन्संनी. वन्सं म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. मास्तर म्हणजे माझा नवरा. शाळेत गणित शिकवतात आणि घरी आल्यावरही थांबत नाहीत. वन्सं तीस वर्षं टेकडीवरच्या आपल्या मळ्यात वाइन करतात. त्यांचं नाक म्हणजे या धंद्यातलं शेवटचं कोर्ट. ग्लास नुसता हुंगून द्राक्षं उताराच्या कुठल्या अंगाची ते सांगतात, आणि लोक गुपचूप मान डोलावतात.

सहा वर्षांपूर्वी मी हॉस्पिटलच्या लॅबमधली नोकरी सोडली, बंद पडलेल्या छापखान्याची जागा घेतली आणि बिअर करायला लागले. पहिली बाटली मोठ्या हौसेने वन्संपुढे ठेवली होती. त्यांनी हुंगलं, ग्लास खाली ठेवला आणि मास्तरांना विचारलं, "पाणी आहे का रे?" त्यानंतर मी त्यांना माझी बिअर दिली नाही आणि त्यांनी मागितली नाही. मला त्या 'मापवाली' म्हणतात, कारण मी सगळं नळीत घालून मोजते. बाकी संबंध चांगले आहेत.

जानेवारीत त्या शिडीवरून पडल्या. डोक्याला चार टाके पडले. परवा त्यांचा फोन आला, "या वर्षी मी वाइन करत नाही. द्राक्षं विकून टाकणार. गुडघे ऐकत नाहीत. सहा पिंपं रिकामी आहेत, तुला हवीत का?"

मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर वाटलं, गळकी असणार.

११ फेब्रुवारी

सहाही पिंपांत गरम पाणी भरून रात्रभर ठेवलं. एक थेंब गळला नाही. मनातल्या मनात वन्संची माफी मागितली. फोनवर नाही.

२ मार्च

आज भरली. आत बेल्जियन धाटणीची एल आहे, म्हणजे बिअरच, पण गडद, जड आणि जरा गोडसर. यीस्टही तिकडचं, लवंगेचा आणि पिकल्या केळ्याचा वास देतं. आता हिने वाइनच्या लाकडात आठ-नऊ महिने बसायचं. लाकूड काय देईल, किती देईल, ते आपल्या हातात नाही. चांगलं झालं तर एकदम नवीनच काहीतरी. बिघडलं तर तेराशे लिटर गटारात, आणि गावभर 'सांगितलं होतं कुणी हिला' असं.

प्रत्येक पिंपाच्या पुढच्या गोल फळीत खाली एक बारीक भोक पाडून त्यात स्टीलचा खिळा ठोकलाय. खिळा उपसला की एल बारीक धारेने ग्लासात येते. पुन्हा ठोकला की बंद. वरचं बूच उघडावं लागत नाही, हवा आत जात नाही.

मास्तरांनी पिंपांवर एक ते सहा आकडे रंगवले. सहाचा शून्य झालाय.

२७ मार्च

वन्सं आल्या. न कळवता. म्हणाल्या, "पिंपं बघायला आले." माझी एल नव्हे, पिंपं.

बोटांनी टकटक करत सहा पिंपांभोवती फिरल्या. लाकडावर तळवा ठेवून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "काढ की थोडी." एक नंबरचा खिळा काढला, ग्लास दिला. त्यांनी फिरवला, नाकाशी नेला, घोट घेतला. मी पाणी तयार ठेवलं होतं.

पाणी मागितलं नाही. "तू सांग," म्हणाल्या.

"मी काय सांगू? तुमच्यापुढे?"

"वास कसा येतोय ते सांग. शब्दांत सांग. आकडे नकोत."

मी म्हटलं, लवंग. मग? म्हणाल्या. मग केळं. मग? "लाकूड येतंय," मी म्हणाले.

"कसलं लाकूड? ओलं? कापलेलं? उन्हातलं?"

शाळेत फळ्यापाशी उभं केल्यासारखं झालं. त्या सगळा वेळ डोळे मिटून बसल्या होत्या. कंटाळा आला असावा.

१४ एप्रिल

पुन्हा आल्या, पुन्हा तोंडी परीक्षा.

मास्तर म्हणाले, "तुला त्रास होतो तर सांग तिला."

"काय सांगू? पिंपं त्यांची आहेत."

"पिंपं तिची, पण बिअर तुझी आहे ना?"

गणिताच्या माणसाला यातलं काय कळतंय.

३० एप्रिल

मी अभ्यास करते आहे! हसू येतं, पण करते आहे. भाजीवालीकडे उभी राहून प्रत्येक फळ हुंगते. मास्तरांच्या जुन्या कोटाचा खिसा, ओली माती, पेन्सिल छिलल्यावरचा भुसा, मनुका भिजवलेलं पाणी. वन्सं आल्या की शब्द हाताशी हवेत. एकावन्नाव्या वर्षी परीक्षा नको झाली होती, पण नापास व्हायचं नाही.

१९ मे

आज वन्सं घरी जेवायला. मी मागच्या अंगणात चादरी काढत होते, त्या स्वयंपाकघरात ब्रेड कापत होत्या. आत आले तर घरभर करपलेल्या दुधाचा वास. दूध उतू जाऊन, आटून, भांड्याच्या बुडाशी काळं झालेलं, आणि वन्सं दोन हातांच्या अंतरावर शांतपणे ब्रेड कापतायत.

"वन्सं, दूध!"

वळल्या, भांड्याकडे बघितलं आणि पांढऱ्या पडल्या. "माझं लक्ष नव्हतं गं," म्हणाल्या. ते भांडं त्यांनी स्वतः घासलं. अर्धा तास. मी म्हटलं राहू द्या, तरी सोडलं नाही.

एके काळी माझ्या घरात पाऊल टाकताच "कपाटात ओलं फडकं राहिलंय" म्हणणाऱ्या वन्सं. वय झालं, दुसरं काय. जेवताना सूपात मीठही चार वेळा घातलं. मास्तर बघत राहिले.

८ जून

दोन नंबर सुंदर होत चाललंय. मी वन्संना म्हटलं, "सुक्या चेरीचा वास आहे. पण नुसत्या चेरीचा नाही. चेरी ठेवलेल्या लाकडी खोक्याचा."

त्यांनी डोळे उघडले. "खोक्याचा," म्हणाल्या. "बरोबर. हे पिंप वरच्या बांधाच्या वाइनचं. ती तशीच असायची."

पास झाले. घरी येताना उगाचच मास्तरांसाठी फुलं घेतली. ते म्हणाले, "काय चुकलं माझं?"

१६ जुलै

आता दर आठवड्याला येतात. निघताना टोपी घालून दारात उभ्या राहतात आणि निघत नाहीत. आज म्हणाल्या, "तू सांगतेस ते मला घरी गेल्यावरही आठवतं." याला स्तुती म्हणायचं की टोमणा, मला कळलं नाही. मी 'बरं' म्हटलं.

खरं लिहायचं तर आता त्यांची वाट बघते. त्यांना सांगायचं म्हणून हुंगलं की जास्त सापडतं.

३ सप्टेंबर

तीन नंबरमध्ये काहीतरी आहे. वास टोकदार येतोय. पहिल्या क्षणी कळतो, मग नाक सरावतं आणि कळेनासा होतो. लॅबमध्ये अशा वासाच्या बाटल्या असायच्या. नेलपॉलिश पुसायचं औषध असतं तसा. बुचाला केसाएवढी फट सापडली. बदललं. हवा जायची ती जाऊन बसली असेल.

की माझा भ्रम? उद्या वन्सं येणार आहेत.

४ सप्टेंबर

तीन नंबरचा ग्लास दिला. यावेळी मी आधी काही बोलले नाही. शब्द तोंडात आला होता, गिळला. माझ्या हातून त्यांचं पिंप बिघडलं, हे मी त्यांना कसं सांगू?

"तू सांग," त्या म्हणाल्या.

"जरा वेगळं लागतंय," एवढंच म्हणाले.

त्यांनी घोट घेतला, तोंडात घोळवला. "आंबटपणा छान धरलाय. सगळ्यांत जिवंत पिंप हेच."

जीव भांड्यात पडला. पडला म्हणजे, पडायला हवा होता. त्या गेल्यावर मी पुन्हा हुंगलं. औषध. अगदी स्पष्ट औषध.

पण त्यांचं नाक आणि माझं नाक. सहा महिन्यांत चार फळं हुंगली म्हणून मी वन्संच्या वर?

२० सप्टेंबर

मास्तरांना हुंगायला दिलं. म्हणाले, "बिअरचा वास येतोय." यांना विचारून चूक झाली.

"ताई काय म्हणते?"

"उत्तम म्हणतात."

"तुला काय वाटतं?"

"बिघडलंय."

"मग तिला तसं सांग. ती काय खाणार आहे का तुला?"

सहा वर्षांपूर्वी तो ग्लास टेबलावर ठेवल्याचा आवाज मास्तरांनी ऐकला नव्हता. मी ऐकला होता.

१० ऑक्टोबर

ठरलं. उद्या सगळी पिंपं एकाच टाकीत एकत्र करायची. एकदा मिसळलं की मिसळलं, परत वेगळं होत नाही. तीन नंबरही घालणार. वन्संच्या शब्दावर. नोव्हेंबरमध्ये गिऱ्हाइकांसाठी चाखणी ठेवली आहे, तिला नदीकाठच्या रेस्टॉरंटची मालकीण येणार आहे. वीस वर्षं तिने वन्संचीच वाइन ठेवली. वन्संना जे आवडतं ते तिला आवडणारच.

असं मी लिहिते आहे आणि तीन नंबरचा वास काही नाकातून जात नाही.

११ ऑक्टोबर

आजचं सगळं लिहून ठेवायला हवं.

वन्सं सकाळीच आल्या होत्या. मी पाइप धुऊन लावत होते. म्हटलं, "तुम्ही तीन नंबरला उत्तम म्हणालात ना, म्हणून सहाही मिसळते आहे. एकटीने ठरवलं असतं तर मी ते बाजूला ठेवलं असतं."

त्या नुसतं "बरं," म्हणाल्या आणि टोपी घातली. पाच मिनिटांनी मागे बघितलं तर फाटकापर्यंत जाऊन तिथेच उभ्या. मग परत आल्या, भराभर. गुडघे दुखणाऱ्या बाईसारख्या अजिबात नाही.

"थांब. तीन नंबर घालू नकोस."

"का?"

"का ते मला माहीत नाही. तू बाजूला का ठेवणार होतीस? वास कसा येतो त्याचा? त्या दिवशी तू गिळलास तो शब्द सांग."

"नेलपॉलिश पुसायच्या औषधाचा."

त्या उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसल्या. "मग गेलं ते पिंप," म्हणाल्या. "आणि मी त्याला उत्तम म्हटलं. अगं, मला वास येत नाही. कसलाच. शिडीवरून पडले त्या दिवसापासून."

मी पाइप हातात धरून उभी. पाणी पायांवर वाहत होतं.

"जिभेला कळतं. आंबट, गोड, कडू, खारट, एवढंच. तेवढ्यावर मी बोलले. डॉक्टर म्हणाले, येईल कदाचित. कदाचित नाही. कुणाला सांगितलं नाही. माझ्या भावालासुद्धा नाही. नाक गेलेली वाइनवाली म्हणजे काय गं? तू माझी पिंपं घेतलीस, म्हणून इथे यायला निमित्त मिळालं. तू सांगायचीस आणि मला... डोळे मिटले की यायचं काहीतरी. खोक्यातल्या चेरी आल्या होत्या, खरंच."

"मला वाटलं तुम्ही माझी परीक्षा घेता."

"परीक्षा?" त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. "मी कशाला घेऊ? मला वास घ्यायचा होता."

मी आत जाऊन त्यांच्यासाठी कॉफी केली. मग वाटलं, कॉफी का केली. पण त्यांनी दोन्ही हातांत कप धरला आणि म्हणाल्या, "गरम आहे. बरं वाटतंय."

नंतर आम्ही दोघींनी मिळून तीन नंबर ओतलं. सव्वादोनशे लिटर, फरशीवरून मोरीकडे. अर्धा तास गेला. वन्सं झाडूने फेस ढकलत होत्या. "इतक्या वाईट वासात उभी आहेस का गं?" त्यांनी विचारलं. "हो," म्हटलं. "मला काही त्रास नाही," म्हणाल्या, आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की शेजारचा सुतार बघायला आला.

१२ ऑक्टोबर

वहीची मागची पानं वाचली. दूध. मीठ. 'कंटाळा आला असावा.' लॅबमध्ये बावीस वर्षं मी लोकांचे आजार शोधत होते.

मास्तरांना सांगितलं, वन्संच्या परवानगीने. त्यांनी सायकल काढली आणि टेकडीवर गेले. परत आले ते अंधार पडल्यावर. नाक लाल होतं. म्हणाले, वारा होता.

१५ ऑक्टोबर

मिसळलं. पाच पिंपं, पण सारखी नाही. काचेच्या बरण्यांत आधी सात नमुने केले. वास मी सांगायचा, आंबट-गोडाचा तोल वन्संची जीभ सांगणार. "चार कमी कर, शेवटी कडवट ओढतंय." "पाच घातलं की मनुका पुढे येतात, वन्सं, पण चेरी झाकली जाते." "मग पाच अर्धंच." दोनदा कडाक्याचं भांडण झालं. एकदा त्यांनी मला हट्टी म्हटलं. पूर्वी त्या एवढंही बोलत नव्हत्या.

माप मात्र मीच धरलं. त्यांनी नळी हातात घेऊन रेषा मोजली आणि म्हणाल्या, "उपयोग आहे की याचा."

२२ नोव्हेंबर

चाखणी झाली.

छापखान्याच्या जुन्या लांब टेबलावर पांढरा कागद अंथरला. सात माणसं आली. रेस्टॉरंटची मालकीण सगळ्यांत शेवटी आली, आणि आल्या आल्या वन्संच्या गळ्यात पडली. बाटल्या उघडल्या. रंग गडद लालसर, फेस बारीक आणि दाट. मी ओतत होते. मालकिणीने आपला ग्लास उचललाच नाही. भरलेला पहिला ग्लास तिने वन्संच्या हातात दिला.

"आधी तुम्ही. तुम्ही काय म्हणता त्यावर माझं ठरेल."

मी बाटली खाली ठेवली. सोपं होतं. आदल्या दिवशी मी त्यांना सगळं सांगितलं होतं. तेच त्यांनी म्हणून दाखवलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. मी त्यांच्याकडे बघून मानही हलवली, म्हणा, म्हणून.

वन्सं म्हणाल्या, "मला वास येत नाही. जानेवारीत पडले, तेव्हापासून नाक गेलंय. ही हिने केली आहे. हिला विचारा."

मालकिणीचा हात वन्संच्या दंडावर गेला आणि तिथेच राहिला. मग ती माझ्याकडे वळली. "सांगा."

मी ग्लास उचलला. बोलायला लागले ते मालकिणीशी नाही. वन्संशीच.

"आधी लवंग येते. लांबून, कुणीतरी शेजारच्या खोलीत डबा उघडल्यासारखी."

"मग?"

"मग चेरी. सुकी. आणि तिच्या मागोमाग मनुका, पण चिकट नाहीत. भिजवलेल्या."

"मग?"

"मग लाकूड. कोरडं, उन्हात ठेवलेलं. अगदी शेवटी तुमची वाइन, वन्सं. येते आणि जाते. धरायला गेलं की नाही. घोट घेतल्यावर परत येते, घशातून."

वन्संनी घोट घेतला. गिळला. आम्ही सगळे त्यांच्या गळ्याकडे बघत होतो.

"आंबट नेमकं आहे," त्या म्हणाल्या. "बाकीचं तू म्हणतेस ते ऐकू येतंय."

त्यानंतर इतरांनी ग्लास उचलले. मालकिणीने दोनदा मागून घेतली आणि हिवाळ्याच्या मेनूवर ठेवते म्हणाली. मास्तर कोपऱ्यात उभं राहून पाहुण्यांना सांगत होते, "चेरी येतेय बघा, चेरी." त्यांना काहीही येत नव्हतं.

२४ नोव्हेंबर

सकाळी वन्संचा फोन.

"तळघरात मागच्या वर्षीची चार पिंपं आहेत. कमी होईल तेवढी वरून भरत असते मी, पण चाखलेली नाहीत. जानेवारीपासून एकदाही नाही. धीर होत नाही."

"मला वाइनमधलं काही कळत नाही, वन्सं."

"कळायला नको. काय येतंय तेवढं सांग. पुढचं मी बघते."

बसने गेले. त्यांनी तळघराचं दार उघडलं, दिवा लावला. चार पिंपं भिंतीशी ओळीने, वर धुळीचा पातळ थर. वन्संनी काचेच्या नळीने पहिल्यातली वाइन काढली. तीस वर्षांचा हात, एक थेंब सांडला नाही. पण ग्लास माझ्याकडे करताना त्यांनी तो लगेच सोडला नाही.

"बिघडली असेल तर तसंच सांग," म्हणाल्या. "गिळू नकोस शब्द."

मी ग्लास फिरवला आणि नाक आत घातलं. खूप वेळ काढावंसंच वाटलं नाही.

"काय?" त्यांनी विचारलं. "बोल ना."

"वन्सं," मी म्हटलं, "आधी तो स्टूल घ्या आणि बसा. सांगायला वेळ लागणार आहे."